खैरबोडीचा बोरिंगबाबा

खैरबोडीच्या बोरिंगसमोर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. अड्याळच्या बाजारातून परतणाऱ्या बायाही भाजीच्या पिशव्या सांभाळत तिथेच थांबल्या होत्या. बोरिंग म्हणजे आपला साधा हातपंप, कधीपासून कोरडा पडलेला. आता त्याला शेंदूर फासला होता, दांड्याला चुनरी बांधली होती आणि शेजारच्या ओट्यावर, भगव्या गादीवर, बोरिंगबाबा बसला होता. बाबाने शंख फुंकला, डोळे मिटले, आणि दांड्याला कोणी हातही न लावता पंपाच्या तोंडातून धो धो पाणी पडू लागलं.

"गंगामाईले हापसाव लागत नाई, बेटा," बाबा म्हणाला. "ते पातालात झोपली आहे. प्रेमानं आवाज द्या, दौडी चली आएगी."

बाया बाटल्या घेऊन धावल्या. पाणी फुकट होतं, नारळ मात्र ओट्यामागच्या दुकानातूनच घ्यायचा.

मी गर्दीत उभी होते आणि जळत होते. भक्तीने नव्हे, मत्सराने. मी शकुंतला, शेजारच्या चिचटोल्याची सरपंच. खैरबोडीची सरपंच रुखमिणी ही माझी चुलत बहीण. लहानपणापासून हिचं सगळं माझ्यापेक्षा बोटभर वरचढ. तिची पोळी टम्म फुगायची, माझी चपटी. दोघी सरपंच झालो, तर तिच्या गावाच्या विकास आराखड्याला तालुक्यात पहिला नंबर. आणि आता देवही पावला तो हिलाच. आमच्या गावात साप निघाला तर तोही बिनविषारी निघतो.

त्या दिवशी मी दर्शनाला आले नव्हते. गावांनी एकमेकांचे आराखडे तपासायचे, ठरलं काय आणि झालं काय ते जागेवर जाऊन पाहायचं, असं तालुक्यात ठरलं होतं. चिठ्ठी काढली तेव्हा खैरबोडी माझ्या वाट्याला आली. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

रुखमिणीने गाव फिरवून दाखवलं. नाल्या साफ, अंगणवाडीला नवा रंग, चौकातल्या प्रत्येक नळाला पाणी. खोट काही सापडेना. माझं तोंड कडू झालं.

"मागच्या टोलीतले नळ पाहू," मी म्हटलं. टोली म्हणजे गावामागची वस्ती.

"तिथं काय पाहता, शकुबाई?" तिचा नवरा टेकचंद घाईने बोलला. "शंभर टक्के काम झालं आहे. चला, प्रसाद घ्या."

"जाऊ द्या तिले," रुखमिणी म्हणाली. "माया गावात लपवाले काय आहे?" आणि तीही माझ्यासोबत निघाली.

टोलीत नळ होते, चकचकीत होते, आणि कोरडे ठणठणीत होते. हर्षा नावाची एक तरुण सून कडेवर लेकरू आणि डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन शेतातल्या विहिरीवरून येत होती.

"नळाले पानी कवापासून नाई?" मी विचारलं.

"बावा आला तवापासून. सासू म्हनते, गंगामाई आली म्हून नळ रुसले. इहिरीच्या पान्यानं लेकराले हगवन लागली आहे. बावानं गंडा देला."

लेकराचे डोळे खोल गेले होते. रुखमिणीने ते घेतलं आणि त्याला लगेच दवाखान्यात धाडलं. तेवढा वेळ मी जळायचं विसरले.

बाबा आला आणि नळ आटले. भक्ताला हे पटलं असतं, पण मी पडले जळकी. बोरिंगपाशी परतले आणि पिशवीतून ओटी नावाच्या औषधाची बाटली काढली. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी पावडर, पडली की नाही हे ग्रामपंचायतीत या औषधाने तपासतात. पावडर असेल तर पाणी पिवळं होतं. जमिनीतून सरळ वर आलेलं पाणी होत नाही. मी काचेच्या नळीत गंगामाई घेतली आणि थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

गावच्या पाण्यात टीसीएल टाकणारा धनीराम गर्दीतच होता. नळी त्याच्यासमोर धरली. "धनीरामभाऊ, पातालात टीसीएल कोन टाकते?"

"मी त टाकीतच टाकतो, बाई," तो डोकं खाजवत म्हणाला. "पातालात कायले टाकू?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"ये औरत नास्तिक है," बाबा गरजला. "गंगामाई आज पीतांबर नेसून आली आहे."

"मंग तिच्या मानासाठी जरा उठून उभे राहा, महाराज. सकाळपासून पाहून राहिली, तुमी गादीवरून हालतच नाई."

"आसन सोडलं त परलय होईल."

"होऊ द्या," रुखमिणी म्हणाली. "उठा."

टेकचंदने तिचा हात धरला. "रुखमे, पहिला नंबर जाईल."

तिने हात झटकला आणि गादीच ओढली. बाबा घसरून खाली आला. गादीखाली लोखंडी झाकण होतं, झाकणाखाली वॉल, म्हणजे पाइपातलं पाणी सोडायची-अडवायची चावी. टोलीकडे जाणारी पाइपलाइन तिथेच वळवून बोरिंगमध्ये घुसवली होती. बाबा शंख फुंकायचा आणि गादीखाली हात घालून वॉल फिरवायचा. उंच टाकीतलं पाणी स्वतःच्या जोराने पंपाच्या तोंडातून पडायचं. टोलीच्या हक्काचं पाणी टोलीलाच बाटलीतून, नारळ घेऊन, मिळत होतं. नारळाच्या दुकानात टेकचंदची भागी होती, हे त्याने मान खाली घालून कबूल केलं.

आता माझी जीत, असं मला वाटलं. तेवढ्यात रुखमिणी ओट्यावर चढली.

"हे माया घरातून झालं," ती म्हणाली. "येनाऱ्याले मी चौक दाखवत होती, टोलीत सोता कधी गेली नाई. नंबर आमाले नोको. पोलिसाले बोलवा, आन् लाइन आजच जोडा."

सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं. मी पिवळी नळी धरून उभी. नवऱ्यासमोर, गावासमोर असं बोलायची माझी छाती झाली नसती. झालं, पुन्हा हीच वरचढ.

ओट्यावरून उतरून ती माझ्याकडे आली. "तू जळकी म्हून टोली वाचली, शकू. आता तुया गावात मी येतो तपासाले."

मी तडक चिचटोल्याला आले आणि शेवटच्या घरचा नळ सोडला. फुस्स. आमच्याकडे तर बाबाही नव्हता.

हर्षाचं लेकरू बरं झालं, पण ते गंड्याने नव्हे, दवाखान्याने. खैरबोडीत डोळे पुष्कळ होते, पण सगळे शंखाकडे लागलेले. नळाकडे पाहायला जळकी बहीण यावी लागली. प्रत्येक गावाला अशी बहीण कुठून मिळणार? तेव्हा तुम्हीच विचारा, आमच्या गल्लीसाठी काय ठरलं होतं, आणि शेवटच्या घरचा नळ सोडून पाहा. पाणी आलं तर काम झालं. नाही आलं तर कोणीतरी त्यावर गादी टाकून बसलंय. त्याला उठवा.