भावजींच्या अंगातली ऊब

फोरमनसाहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा हात काही निवृत्त झाला नव्हता. कारखान्यात ते रोज सकाळी प्रत्येक मोटारीवर तळवा ठेवून तिची तब्येत ओळखायचे. आता त्यांच्या ताब्यात एकच यंत्र उरलं होतं, घराच्या मागच्या भिंतीलगतचा, हिवाळ्यात घर उबदार ठेवणारा हीट पंप. चहा व्हायच्या आधी साहेब अंगणात जायचे, त्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवायचे आणि आत येऊन जाहीर करायचे, "अंग गरम आहे. ठणठणीत आहे गडी."

"म्हणजे भावजी बरे आहेत," बायको म्हणायची. नवऱ्याचा एवढा जीव ज्याच्यावर, तो आपला धाकटा दीरच असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

हे भावजी अठरा वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात त्यांचा पंखा बदलला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात सर्किट. यंदा नुसती घरघर चालली होती आणि वीज दुप्पट खात होते. बायकोनं "बदलू या" म्हटलं की साहेब उसळायचे, "अंग गरम असलेलं यंत्र भंगारात टाकायला मला वेड लागलंय का?" मग ती मागच्या खोलीत शिवणकामाला निघून जायची. साहेब दिवसभर पुढच्या खोलीत, उन्हाच्या खिडकीशी. थंडी कशाशी खातात हे त्यांना कुठून कळणार?

शेवटी तिनंच मेकॅनिक बाईंना फोन केला. त्या आल्या, तर साहेबांनी त्यांना तडक अंगणात नेलं. "ठेवा हात. बघा, कसं गरम आहे!"

बाईंनी हात ठेवला. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "काका, थंडीत ही पेटी गार लागायला हवी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात पाठवायची, हे हिचं काम. उष्णता कुठल्या बाजूला न्यायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह अडकलाय. निम्मी ऊब उलटी बाहेर येतेय."

"म्हणजे मी रोज सकाळी..."

"अंगण तापलं का, ते बघत होता."

बायकोला हसता हसता भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अगं बाई! भावजी गल्लीला ऊब देतायत होय!"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. चाळीस वर्षांचा तळवा, आणि त्यानं असं तोंडघशी पाडावं!

"व्हॉल्व्ह बदलता येईल," बाई म्हणाल्या. "पण यातला गॅस जुन्या प्रकारचा, आता मुश्किलीनं मिळतो. वय झालंय, आणि लागोपाठ तिसरी दुरुस्ती. माझं विचाराल तर काढा. व्हॉल्व्ह बदललात तर ओढूनताणून हा हिवाळा निघेल, एवढंच. घरातली सगळ्यात गार खोली कुठली?"

"माझी," बायको म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मागच्या खोलीत बाईंच्या थर्मामीटरनं तेरा अंश दाखवले. शिलाई मशीनवर झाकण होतं. टेबलावर कापडाचा तुकडाही नव्हता.

"कामं कुठंयत?" साहेब गोंधळले. "गिऱ्हाइकं कमी झाली म्हणालीस ना?"

"मीच परत पाठवली. बोटं आखडतात, सुई धरवत नाही. एका कोटाचं अस्तर तीनदा उसवलं, मग तोही तसाच देऊन टाकला."

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तुम्ही लगेच उठून हात ठेवायला बाहेर गेलात."

साहेब तिच्या स्टुलावर बसले आणि डबीतून सुई-दोरा काढला. बाई दारात ताटकळल्या, पण साहेब उठेनात. दहा मिनिटांत त्यांची बोटं लाकडासारखी झाली आणि सुई दोनदा फरशीवर पडली. दोरा काही ओवला गेला नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नवीन कधी बसेल?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"परवा या. हा काढा."

बाई गेल्यावर ते बायकोकडे वळले. "त्या कोटवाल्याचा पत्ता दे. मी जाऊन माफी मागतो आणि कोट परत आणतो."

तिला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून साहेबांचा रागही आला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि चप्पल पायात सरकवली.

"लोकरीचा आहे, जड आहे," ती म्हणाली. "दोघं जाऊ."