झाकण तिनेच लावलं

मी निळ्या पट्टीची काचेची बाटली. धावपटूच्या लघवीचे दोन वाटे करतात. पहिला माझ्या केशरी पट्टीच्या बहिणीत, दुसरा माझ्यात. बहिणीला लगेच तपासतात. मला गोठवतात, वाद झालाच तर उघडायला. इथे अंधार आहे आणि यंत्राची घरघर आहे. त्या घरघरीत एका मुलीचा श्वास मला अजून ऐकू येतो.

शर्यत जिंकून ती तपासणीच्या खोलीत आली, तेही हनुवटी छातीला टेकवून. तिचं पाणी माझ्या पोटात आहे, म्हणून मला सगळं ठाऊक. हार्मोन्सचा तोल गेलेला, पाळी महिनोन्महिने गायब, हनुवटीवर राठ केस. ‘मिशीवाली, पोरांच्यात धाव की,’ असं संघातल्या मुली म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनी केसांसाठी एक गोळी दिली. त्या गोळीने लघवी वाढते आणि दुसरं औषध लपू शकतं, म्हणून खेळात त्या गोळीला बंदी. आजाराचं कारण दाखवून परवानगी मागता येते. पण त्यासाठी तिच्या प्रशिक्षक सरांना सांगावं लागलं असतं.

“कुठली औषधं चालू आहेत?” तपासणीसबाईंनी विचारलं.

शेजारी सर बसले होते.

“व्हिटॅमिन. बाकी काही नाही,” ती म्हणाली.

बाईंनी हनुवटी पाहिली आणि नजर वळवली. सभ्यपणा म्हणे! मग तिने स्वतःच्या हाताने माझं झाकण घट्ट फिरवलं. ते आता फोडल्याशिवाय निघत नाही.

बहिणीत गोळी सापडली. मला उघडायच्या दिवशी ती, तिची ताई आणि सर आले. सर छाती काढून म्हणाले, “फोडा. माझी पोरगी असलं काही घेणार नाही.”

तिने पहिल्यांदाच मान वर केली. “नका फोडू, सर. त्यातही तेच आहे.” मग तिने गोळीचं कारण सांगितलं.

“अगं, मग मला बोलायचं नाही का?”

“माझ्या पायाच्या अंगठ्याचं नखसुद्धा तुम्ही रोज बघायचात,” ती म्हणाली. “पाळीचं एकदाही विचारलं नाहीत.”

ताईने तिला बाहेर नेलं. पदक गेलं, धावणं थांबलं. लबाडी असो की लाज, माझ्या पोटात दोन्ही सारख्याच दिसतात.

मला परत थंडीत ठेवलं. शेजारी नव्या बाटल्या येतात, झाकणांवर बोटांची ऊब घेऊन. एकच मागणं आहे. झाकण लागण्याआधी येणाऱ्या मुलीला नीट विचारा. आणि ती उत्तर देईपर्यंत सरांना बाहेर बसवा.