रंगाचा विसावा हात

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला गप्प बसता येत नाही. म्हणजे बसवलंय मला एकाच जागी, गच्चीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी नळावर. पण जीव सारखा इकडून तिकडे. वारा आला की मी कुरकुरतो, कावळा बसला की डुलतो, आणि काहीच झालं नाही तर काही का होत नाही म्हणून कासावीस होतो. तुमच्या वर्गात बाकावर सतत चुळबुळ करणारं एक पोर असतंच ना? तेच मी समजा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. एक लांब दांडा, त्यावर अकरा आडव्या काड्या, मागे जाळी आणि काड्यांच्या मध्ये एक छोटी काळी डबी. ती डबी म्हणजे माझं काळीज. हे लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. हवेतून येणारा सिग्नल माझ्या काड्या पकडतात आणि डबीत गोळा करतात. डबीत दोन स्क्रू असतात. त्यांना जोडलेली केबल तो सिग्नल खाली टीव्हीपर्यंत नेते. चित्र माझ्यातून जातं, पण मला ते कधीच दिसत नाही. मला दिसते फक्त गच्ची, खालचं अंगण आणि समोरची टेकडी.

ती टेकडी माझी जन्माची वैरीण. आमचं घर खोलगट जागेत, आणि सिग्नलचा मनोरा टेकडीपलीकडे. तिकडून निघालेला सिग्नल टेकडीला वळसा घालून माझ्यापर्यंत पोचायचा तेव्हा अगदी मेटाकुटीला आलेला असायचा.

मला घरी आणणारा माणूस रंगारी होता. दारं, फाटकं, दुकानांची शटरं रंगवायचा. त्याच्या हाताखालून सुटलेली उघडी वस्तू तुम्हाला त्या गल्लीत सापडली नसती. त्याने मला नळावर चढवलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "याला असा उघडा कसा ठेवायचा? गंजेल बिचारा."

अहो, मी ॲल्युमिनियमचा. मला कसला गंज चढतोय? पण मला विचारतो कोण? चंदेरी रंगाचा डबा आला, ब्रश आला, आणि त्याने मला नखशिखान्त रंगवलं. डबीसकट. तेव्हापासून दरवर्षी एक हात ठरलेला. मला गुदगुल्या व्हायच्या, आणि खोटं कशाला बोलू, लाड करून घ्यायला बरंही वाटायचं.

रंगाऱ्याच्या बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. त्यांची लेक तेव्हा सहा वर्षांची होती, आणि आईच्या हातांची भाषा ती दूध पिता पिता शिकली होती. रंगारी मात्र त्या भाषेत कच्चाच राहिला. शिकायची वेळच आली नाही ना त्याच्यावर. आई हातांनी सांगायची, लेक तोंडाने बापाला सांगायची, की झालं.

त्या काळात टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या आल्या की माणसं गच्चीवर चढून अँटेना फिरवायची. गल्लीभर आरडाओरडा. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" आमच्या घरी हे जमणार कसं? मग आमची एक पद्धत पडली. आई टीव्हीसमोर, रंगारी माझ्यापाशी आणि लेक मधे अंगणात. आई खिडकीतून हात दाखवायची, लेक तो वाचून वर ओरडायची, "बाबा, डावीकडे! थोडं अजून! आई म्हणते, बाईला दोन डोकी दिसतायत!" मग मी डावीकडे. त्या पोरीच्या आवाजावर मी इतका फिरलोय की आजही कोणी "थोडं अजून" म्हटलं की माझ्या काड्या शहारतात.

ते माझे भरभराटीचे दिवस. शेजारीपाजारी यायचे, म्हणायचे, "या खड्ड्यात चित्र धरतो म्हणजे कमाल आहे हो याची." मी ताठ व्हायचो.

मग दिवस फिरले. गल्लीत घरोघरी डिशच्या ताटल्या आल्या आणि माझं कौतुक संपलं. लेक मोठी झाली, हातांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घ्यायला दूरच्या शहरात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. अंगणात मधे उभं राहायला कोणी उरलं नाही. घर एकदम गप्प झालं. रंगारी जुना टीव्ही लावायचा, मुंग्या बघायचा आणि म्हणायचा, "दरवर्षी वाढतायत मेल्या. टेकडीवर झाडं वाढली ना." वाढत होत्या खऱ्या. का, ते मला कळत होतं, पण सांगू कसा? डबीत काहीतरी साचत चाललं होतं. घसा बसलेल्या माणसासारखी माझी गत झाली होती.

तशात नवा सिग्नल आला, डिजिटल. रंगाऱ्याने त्यासाठी नवा टीव्ही घेतला. या नव्या पाहुण्याचा स्वभाव भारी तऱ्हेवाईक. जुना सिग्नल कमी पडला तरी मुंग्यांतून का होईना, माणूस ओळखू यायचा. नवा पुरेसा मिळाला तर चित्र लख्ख. जरासा कमी पडला की चित्राचे चौकोन होऊन सगळं गोठणार, आणि आणखी कमी पडला तर पडदा काळा. अधलंमधलं त्याला ठाऊकच नाही.

आणि नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. आमच्या खळग्यात फोनची रेंज नाही, म्हणून तो घ्यायला रंगारी दर रविवारी टेकडीवर जायचा, तसा गेला होता. परत येऊन अंगणात पाऊल ठेवताच तो बायकोसमोर दोन्ही हात नाचवू लागला, आणि तिला काही कळेना. शेवटी त्याने कागदावर लिहून दिलं. तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता, म्हणून मलाही कळलं. लेक टीव्हीवर दिसणार होती. दुपारी चारच्या पाच मिनिटांच्या बातम्या ती कोपऱ्यातल्या चौकटीत हातांनी सांगणार होती. नेहमीची बाई रजेवर होती, म्हणून सोमवार ते शनिवार, एवढे सहाच दिवस. ती वाहिनी शेजाऱ्यांच्या डिशवर येत नव्हती. ती फक्त हवेतून यायची, म्हणजे माझ्याकडून. आणि लेक दीड वर्षात घरी आलेली नव्हती.

वारा नव्हता, तरी मी कुरकुरलो.

सोमवारी चार वाजता आई टीव्हीपुढे वीतभर अंतरावर बसली. मग खिडकीतून रंगाऱ्याचा आवाज आला, "अरे, हात गोठला तिचा. अर्ध्या शब्दावर गोठला." मला ते दिसत नव्हतं, पण विचार करा मित्रांनो. ज्या माणसाला हातांनीच ऐकू येतं, त्याच्यासमोर लेकीचा हात अर्ध्या शब्दावर थांबलाय. आई त्या चौकोनांपुढे पाच मिनिटं तो शब्द पुरा व्हायची वाट बघत बसली.

मंगळवारी रंगाऱ्याने नळाला जोड देऊन मला उंच केलं, मग जुन्या सवयीने झपाझप फिरवलं. कुठे क्षणभर सिग्नल जमत होता, पण नव्या टीव्हीला चित्र मांडायला चार-पाच सेकंद लागतात. तोवर हा मला पुढे नेऊन मोकळा. बुधवारी दुकानदाराने त्याला सिग्नल वाढवणारा बूस्टर दिला. तो त्याने खाली टीव्हीशेजारी बसवला. वरून थेंब येत असताना खाली मोठं पिंप ठेवून काय होणार? होते ते चौकोनही गेले.

गुरुवारी तर कहर झाला. तो डबा आणि ब्रश घेऊन वर आला.

"रुसलास होय रे?" माझ्या दांड्यावर हात फिरवत तो म्हणाला. "उतारवयात होतं असं. थांब, तुला नवाकोरा करतो."

अहो, नको हो. मी वाऱ्यावर हललो, डुललो, कुरकुरलो. त्याला वाटलं स्क्रू ढिले झालेत, म्हणून त्याने डबीवर जरा जास्तच रंग चोपडला. तो रंगाचा विसावा हात. त्या दुपारी पडदा काळाच राहिला. आई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि हातांनी हवेत काहीतरी बोलली. कोणाशी, कोण जाणे. रंगारी गच्चीवरून बघत होता आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

शुक्रवारी तो दुरुस्तीवाल्या बाईला घेऊन आला. कमरेला कायम पक्कड, म्हणून गल्ली तिला पक्कडताई म्हणते. तिने आधी खाली जाऊन बूस्टर काढला, मग केबल हाताने चाचपत, एकेक जोड बघत वर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि नखाने माझा रंग खरवडला.

"काका, याला रंग कोणी दिला?"

"मी. दरवर्षी देतो. विसावा हात कालच मारला," रंगारी छाती पुढे काढून म्हणाला.

"डबीलापण?"

"मग काय डबी तेवढी उघडी ठेवू?"

तिने चाकूने डबीच्या कडा कोरल्या. झाकण निघायला अर्धा तास लागला. चार तेव्हाच वाजून गेले, शुक्रवारही गेला. झाकण निघालं तेव्हा आतून हिरवं पाणी सांडलं.

"हे बघा. फटीतून रंग आत उतरलाय. दोन्ही स्क्रू रंगानं एकमेकांना चिकटलेत. तळाला पाणी निघून जायला भोक असतं, तेही बुजलंय, म्हणून केबलचं तांबं सडलं. सिग्नल खाली जाणार कुठून?"

"पण इतकी वर्षं चित्र दिसत होतं की."

"मुंग्यांसकट ना? आणि मुंग्या दरवर्षी वाढत होत्या?"

रंगारी कठड्यावर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांत कालचा चंदेरी रंग होता. मग म्हणाला, "म्हणजे टेकडी नाही. मीच."

मित्रांनो, मला राग यायला हवा होता. माझा गळा त्यानेच घोटला होता. पण त्या माणसाचा चेहरा बघून मला रडू कोसळेल असं वाटलं. माया केली हो त्याने, वीस वर्षं. फक्त मला काय लागतं, ते बघितलं नाही.

पक्कडताईने स्क्रू घासले, केबलचं सडकं टोक कापून नवं जोडलं आणि मला मनोऱ्याच्या दिशेला वळवलं. "घाई करायची नाही काका. बोटभर फिरवायचं, दहा अंक मोजायचे, मग बघायचं." संध्याकाळी खालून पाककृतीचा कुठला तरी कार्यक्रम स्पष्ट ऐकू आला. पण मला नळाला धरून ठेवणारी पट्टी आवळताना त्या पट्टीचा जुना बोल्ट तुटला. "नवा सोमवारी आणते. तोवर तारेनं बांधते. वाऱ्यात हलला तर मात्र सगळं जाईल."

शनिवारी वारा सुटला. सुटणारच, माझं नशीब आहे ते. साडेतीनला तार सैल झाली आणि मी गरागरा वळलो. खालून आई धावत अंगणात आली. मधे, लेक उभी राहायची तिथेच. तिने वर बघून दोन्ही हातांची फुली केली. ही खूण रंगाऱ्याला कळली. तो धापा टाकत वर आला, मला बोटभर फिरवलं, ओठांतल्या ओठांत दहा मोजले. आई आत गेली, बाहेर आली. फुली. पुन्हा बोटभर. फुली. चारला दोन मिनिटं उरली. पुन्हा बोटभर. आईने तळहात पुढे केला. थांब.

आणि ती आत गेली ती गेलीच.

रंगाऱ्याने दोन्ही हातांनी माझा दांडा घट्ट धरला. वारा मला ओढत होता, तो मला धरत होता. चित्र आलं का? राहिलं का? त्याला कळायला मार्ग नाही, मलाही नाही. खाली उतरून बघावं, तर मी वळणार. लेक अवघी पाच मिनिटं दिसणार, आणि तिला बघायचं सोडून बाप गच्चीवर. आयुष्यभर न हलता राहणं मला जमलं नव्हतं, मित्रांनो. त्या पाच मिनिटांत मी काडीसुद्धा हलू दिली नाही.

अंगण रिकामंच होतं. मग आई बाहेर आली. डोळे वाहत होते. तिने दोन बोटं पोटावर गोल फिरवली आणि हात फुलासारखा उघडून पुढे केला. मग खिडकीकडे बोट दाखवलं. पुन्हा तीच खूण, पुन्हा खिडकी.

ही खूण मी ओळखत होतो. लेक लहानपणी अंगणात खेळायची तेव्हा आई दारातून प्रश्नार्थक भुवया करून पोटाकडे बोट दाखवायची, आणि लेक असं उत्तर द्यायची. पोट भरलंय, काळजी करू नकोस. बातम्या संपता संपता लेकीने तीच खूण केली असणार, साऱ्या जगासमोर, फक्त आईसाठी.

रंगाऱ्याला अर्थ कळला नाही. पण खूण लेकीने पाठवलीय, एवढं कळलं. आता ती त्याला सांगायला मधे कोणी नव्हतं. त्याने दांडा सोडला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला असं सोडलं आणि मी खुशाल वळलो. त्याने आपली दोन रंगलेली बोटं पोटावर फिरवली. उलटी फिरवली. आईने मान हलवली, सावकाश पुन्हा करून दाखवलं. त्याने पुन्हा केली. बराच वेळ ती दोघं तशीच होती, एक अंगणात, एक गच्चीवर.

सोमवारी बोल्ट आला. आता रंगारी दरवर्षी डबा घेऊन येतो तो नळ रंगवायला, कारण गंज लोखंडाला चढतो. माझी डबी तो कोरड्या फडक्याने पुसतो, तळाचं भोक काडीने मोकळं करतो आणि विचारतो, "कसं वाटतंय रे?" विचारतो, हेच पुष्कळ झालं.

तुमच्या गच्चीवर माझा कोणी भाऊबंद असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन वर जा आणि त्याची डबी बघा. आणि ज्याच्यावर तुमची फार माया आहे, त्याला हात लावण्याआधी, मित्रांनो, त्याला काय होतंय ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या हातांकडे बघा.