तेरा महिन्यांचं कॅलेंडर

हसू नका, पण मी तेरा महिन्यांचा आहे. मी गोंदर शहरातलं, भिंतीवरचं एक कॅलेंडर बोलतोय. माझ्यावर साल आहे २००८, पण तुमच्याकडे तेव्हा २०१६ उजाडलं होतं. आम्हा इथिओपियातल्यांचं वर्ष सात-आठ पावलं मागून, निवांत चालतं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने झाले की शेवटी येतो पाच दिवसांचा पागुमे. आमचं शेंडेफळच ते!

येशीच्या स्वयंपाकघरात मला तिच्या भावाने, अबेबावने टांगलं. येशी शाळेत शिकवायची. सकाळी ती कॉफीच्या बिया भाजायला बसली की सगळा धूर माझ्या अंगावर.

"मास्तरीणबाई, कॉफी भाजताय की गाव जाळताय?" अबेबाव खोकत विचारायचा आणि तरी पहिला कप त्यालाच हवा असायचा. काय सुखाचे दिवस होते ते!

पागुमेच्या तीन तारखेला शिपाई आले आणि सरकारविरुद्धच्या मोर्चात गेला म्हणून अबेबावला घेऊन गेले. येशीने त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. पुढे ते तिलाही शोधू लागले. तिने मला खिळ्यावरून ओढलं, कॉफीचे तीन कप माझ्यात गुंडाळले आणि निघाली. मजल दरमजल करत आम्ही युगांडात, कंपालाला पोहोचलो.

तिथे आश्रयासाठी अर्ज केला. मुलाखतीला तिच्यासोबत ना दुभाषी, ना वकील.

"भावाला कधी नेलं?"

"तेराव्या महिन्याची तीन तारीख, २००८."

साहेब हसले. "बाई, जगात महिने बारा असतात." मग पासपोर्ट पाहून म्हणाले, "आणि २००८ मध्ये तू चौदा वर्षांची. चौदाव्या वर्षी शिक्षिका होतीस?"

मी तिच्या पायाशी पिशवीत होतो. ओरडावंसं वाटलं, पण कागदाला कुठलं तोंड! 'सांगणं विश्वासार्ह नाही' असा शेरा पडला आणि अर्ज नामंजूर झाला. आता उरलं अपील. तेही फेटाळलं गेलं असतं तर तिला माघारी, त्याच शिपायांच्या हाती जावं लागलं असतं.

निर्वासितांना फुकट मदत करणाऱ्या क्योमुहेंडो वकीलबाईंनी तिचं प्रकरण हाती घेतलं. त्या या कामात नव्या होत्या. तारखेचा घोळ काही केल्या सुटेना, आणि अपिलाच्या मुदतीला चार दिवस उरले. त्या दिवशी येशी कॉफीचं भांडं घेऊन त्यांच्या कचेरीत गेली. माझ्यातून कप काढले. एक कप पिऊन बाई उठल्या.

"येशी, मला कोर्टात जायचंय गं."

"बसा ताई. आमच्यात तिसरा कप आशीर्वादाचा. तो न घेता उठलात तर माझं नशीबही उठून जाईल."

बाई घड्याळाकडे बघत बसल्या. हात रिकामे, म्हणून माझ्या सुरकुत्या सारख्या करू लागल्या. तेवढ्यात त्यांना पेन्सिलीचा गोल दिसला.

"या तीनच्या कोपऱ्यात हा बारीक आठ कसला?"

"तो तुमचा. सप्टेंबरचा."

बाईंनी पानाच्या माथ्यावरचं बारीक 'सप्टेंबर २०१६' वाचलं आणि कप खाली ठेवला. "म्हणजे तू तेव्हा बावीस वर्षांची होतीस! अगं बये, हे आधी का नाही दाखवलंस?"

"मी तारीख खरीच सांगितली होती, ताई. आणखी काय दाखवायचं?"

बाईंचे डोळे भरले. तिसरा कप मात्र त्यांनी सावकाश संपवला.

अपिलात दुभाषी होता, बाई शेजारी होत्या आणि मी टेबलावर होतो. येशीला आश्रय मिळाला.

आता मी फायलीत, लोखंडी कपाटात असतो. पुरावा परत देत नाहीत, म्हणून येशीने माझी झेरॉक्स नेली. ती तिच्या नव्या स्वयंपाकघरात टांगली आहे म्हणे. मला त्या झेरॉक्सचा हेवा वाटतो. तिच्या वाट्याला धूर आहे.

बाई हल्ली प्रत्येकाला आधी विचारतात, "तुमचं साल कुठलं?" तुम्हीही कुणाला खोटं ठरवण्याआधी तेवढं विचारा. आणि कधी अबेबाव सुटून आला, तर त्याला या कपाटाशी आणा. तो गोल त्यानेच पुसायचा आहे.