घाबरून घेतलेला हीट पंप

बॅलरॅटमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा; सकाळी नळाचं पाणी हाताला अक्षरशः चावतं. त्या सोमवारी ट्रूडी हॅनराहननं स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, धारेखाली बोट धरलं आणि वाट पाहत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाणी साधं कोमटही होईना.

तुमच्या-माझ्या घरी असं झालं तर आपण आधी चिडतो. ट्रूडी घाबरली. कारण घर तिचं नव्हतं.

ट्रूडी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नवरा सोडून गेल्यापासून नऊ वर्षांची फ्रेया आणि चार वर्षांची टिली या दोन लेकींना घेऊन ती या भाड्याच्या घरात राहत होती. घरमालक डेस्मंड प्रॉक्टर टपाल खात्यातून निवृत्त झालेला, गावातच दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारा. माणूस वाईट नव्हता. पण मार्चमध्ये घराची पाहणी करायला आला होता, तेव्हा निघता निघता दारात सहज बोलून गेला होता, "घर छान ठेवलंयस हं. नशीबवान आहेस. या घरासाठी वीस कुटुंबं रांगेत उभी आहेत."

तो बोलला आणि विसरून गेला. ट्रूडीच्या काळजात मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

मे महिन्यात त्यानंच जुना गॅसचा बंब काढून तिथं हीट पंप बसवला होता. बाहेरच्या हवेतली ऊब खेचून घ्यायची आणि तिच्यावर टाकीतलं पाणी तापवायचं, असं ते यंत्र. दोन माणसं आली, घाईघाईनं नळ्या जोडल्या आणि तासाभरात निघूनही गेली. "हे कसं वापरायचं?" असं ट्रूडीनं विचारलं, तर एकजण म्हणाला, "काही करायचं नाही, बाई. नळ सोडायचा." जूनभर ते बरं चाललं. तरी दोघींच्या आंघोळीनंतर तिसरीला पाणी पुरत नसे. पण ट्रूडी त्याबद्दलही कुणाकडे काही बोलली नव्हती.

आता ती चपला अडकवून बाहेर धावली. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. यंत्राच्या जाळीवर बोटभर बर्फ चढला होता आणि एक लाल दिवा उघडझाप करत होता. टाकीवरच्या चिठ्ठीवर बसवणाऱ्यांचा नंबर होता. तिनं तो लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा क्रमांक आता वापरात नाही.

प्रॉक्टरांना फोन करावा? तिनं नाव काढलं, अंगठा त्यावर नेला आणि फोन खिशात ठेवून दिला. एकदा तक्रारखोर भाडेकरू म्हणून शिक्का बसला की संपलं! भर हिवाळ्यात दोन पोरींना घेऊन कुठं जायचं?

चार दिवस ती शेगडीवर पातेली तापवत राहिली. बाहेर गाडीचं दार वाजलं की तिचा जीव उडायचा. चार दिवस केस न धुतलेल्या फ्रेयाकडे पाहून शाळेतून कुणी विचारलं तर? "गरम पाण्याचं कुणाला सांगायचं नाही हं," तिनं बजावलं.

फ्रेयानं डोळे मोठे केले. "का गं आई? आपण काही चोरलंय का?"

ट्रूडी पुन्हा शेगडीवरच्या पातेल्याकडे वळली.

गुरुवारी दुपारी ती उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं घेऊन न्हाणीघराकडे निघाली होती. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल बांधलेली टिली "मी उडतेय, मी उडतेय!" करत थेट तिच्या पायांत आली. ट्रूडीनं सगळा जीव एकवटून पातेलं स्वतःकडे वळवलं. पाणी तिच्याच डाव्या हातावर सांडलं. तिची किंकाळी कुंपणापलीकडे गेली.

कुंपणापलीकडे बेव स्टॅनिफोर्ड राहायची. वय चौसष्ट, चाळीस वर्षं प्लंबिंगचं काम केलेली, गुडघे गेले म्हणून थांबलेली. ती लंगडत पण धावतच आली. काही न विचारता तिनं ट्रूडीचा हात नळाखाली धरला. "वीस मिनिटं हलायचं नाही. थंड पाण्याला काय, आपल्याकडे तोटा नाही." मग टिलीला वरपासून खालपर्यंत चाचपलं. पोरीला थेंबही लागला नव्हता.

"मी आज येणारच होते," बेव म्हणाली. "ते मेलं तुझं यंत्र माझ्या खिडकीखाली विमानासारखं घरघरायचं. सोमवारी गप्प झालं. पहिल्या दिवशी मला झकास झोप लागली, दुसऱ्या दिवसापासून काळजी वाटायला लागली. डेसला, तुझ्या घरमालकाला, कळवलंस का?"

"नाही. बेव, तुम्हीही सांगू नका. पाया पडते. ते आम्हाला काढतील."

"अगं पोरी, गरम पाणी बंद पडणं ही तातडीची दुरुस्ती. कायदाच तसं म्हणतो. तू काय उपकार मागतेयस?"

"कायदा कागदावर असतो हो. घराची चावी त्यांच्याकडे असते."

बेवनं तिचा हात पुन्हा नळाखाली नीट धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण ते पातेलं तिच्या डोक्यावर पडलं असतं, तर? मग कुणाला घाबरली असतीस?"

ट्रूडीनं टिलीकडे पाहिलं. उजव्या हातानं फोन काढला. अंगठा त्या नावावर नेला आणि या वेळी दाबला.

प्रॉक्टर येईपर्यंतचा अर्धा तास तिला वर्षासारखा गेला. मनातल्या मनात ती सामान बांधत होती. गाडी थांबली, दार वाजलं.

तो आत आला. ओट्यावर मांडलेली पातेली, न्हाणीघरापर्यंत ओला झालेला गालिचा आणि ट्रूडीच्या हातावरचं ओलं फडकं, सगळं त्यानं पाहिलं. "चार दिवस? अगं, मग मला फोन का नाही केलास?"

ट्रूडीची नजर जमिनीवरच. "तुम्हीच म्हणाला होतात, मिस्टर प्रॉक्टर. वीस कुटुंबं रांगेत उभी आहेत म्हणून."

"मी? मी असं कधी..." आणि मग त्याला आठवलं. तो खुर्चीवर मटकन बसला. "अरे देवा! मी तर सहज बोललो होतो! तुला... तुला माझी भीती वाटते?"

कोपऱ्यातून टिली म्हणाली, "आईला रोज वाटते."

चार वर्षांच्या पोरीनं सांगितलेलं खरं त्याच्या वर्मी बसलं. आजवर तो स्वतःला भला माणूस समजत होता!

"हे यंत्र मी तरी कुठं शहाणपणानं घेतलं," तो म्हणाला. "एकाचा फोन आला. म्हणाला, गॅस बंद होणार, जुना बंब कधीही फुटेल, भाडेकरूला काही झालं तर तुम्ही तुरुंगात जाल, सरकारी सवलत आजच्या आज संपतेय. मी घाबरलोच. दहा मिनिटांत हो म्हणून मोकळा झालो. जवळजवळ फुकटच मिळत होतं."

"वा, डेस!" बेव म्हणाली. "म्हणजे त्यानं तुला घाबरवलं, तू हिला घाबरवलंस. आणि भाजला कुणाचा हात?"

"मग हे हीट पंपच वाईट म्हणायचे का?"

"यंत्राला कशाला नावं ठेवतोस, गड्या? माझ्या बहिणीकडे नऊ वर्षं चाललाय, तिच्याकडे तर इथल्यापेक्षा जास्त थंडी पडते. तू हे विचारलंस का, की गोठणाऱ्या थंडीत हा चालतो का? जाळीवरचा बर्फ आपोआप वितळवतो का? घरात माणसं किती, टाकी केवढी? पाणी साठ अंशांपर्यंत तापलं पाहिजे, नाहीतर टाकीत रोगजंतू वाढतात, हे तुला कुणी सांगितलं? आणि सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की बंद पडलं तर याच गावातून कोण येणार, त्याचं नाव काय. यंत्र आज ना उद्या बंद पडतंच. ज्याच्यामागे माणूस उभा आहे, ते भरवशाचं. आणि जो म्हणतो ना, आजच्या आज हो म्हणा, त्याला उद्या या म्हणायचं. उद्या तो येतच नाही!"

डेस्मंडनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग उठला. "आधी दवाखान्यात चल, हात दाखवू. आणि हे काढून थंडीत चालणारं नवं बसेपर्यंत रोज संध्याकाळी तिघी माझ्याकडे आंघोळीला या. माझी बायको भोपळ्याचं सूप करेल." थोडा अडखळला. "ट्रूडी, तुला घरातून कुणी काढणार नाही. मी चुकलो."

ट्रूडीला रडू फुटलं. चार दिवसांचं सगळं रडू.

पुढच्या बुधवारी नवा हीट पंप बसला. बेवनं गावातलाच परवानाधारक प्लंबर शोधला होता, आणि डेस्मंडनं तीन ठिकाणी विचारून, हमीचा कागद ओळ न् ओळ वाचून मगच सही केली होती. टाकी मोठी होती, आणि बेवच्या आग्रहावरून यंत्र तिच्या खिडकीपासून लांब ठेवलं होतं. त्याच आठवड्यात पारा शून्याच्या खाली तीन अंश गेला. तिघींनी एकामागून एक मनसोक्त आंघोळ केली.

भीती काही यंत्रासारखी एका दिवसात बदलत नाही. सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळू लागला, तेव्हा ट्रूडीनं आधी गुपचूप खाली बादली ठेवली. मग बादलीकडे बघत उभी राहिली. आणि तिनं फोन उचलला.

"मिस्टर प्रॉक्टर, सिंकखालचा पाइप गळतोय."

पलीकडे किल्ल्या खणखणल्या. मग डेस्मंड म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आलोच."

वाचकहो, घाबरवून गळ्यात मारलेली वस्तू घाबरूनच घेतली जाते, आणि तिची झळ लागते ती शेवटच्या, न बोलणाऱ्या माणसाला. म्हणून घाई करणाऱ्याला थांबवा, प्रश्न विचारा, जाणत्या माणसाचा सल्ला घ्या. आणि तुमच्या छपराखाली दुसरं कुणी राहत असेल, तर त्याला तुमच्याशी बोलायची भीती वाटत नाही ना, हे आधी तपासा. ज्या घरात "बिघडलंय" म्हणायची चोरी असते, त्या घरातलं कुठलंच यंत्र भरवशाचं नसतं.