साकेआसीच्या नावाचं वॉरंट

सन १९९४, जुलै महिना. मोतुरिकी बेटावरची पोरं तेव्हा होडीने समोरच्या ओवालाऊ बेटावर शाळेला जायची. त्यांची होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याचे गुडघे त्या वर्षी कायमचे धरले, आणि गावाने एका तोंडाने साकेआसीचं नाव घेतलं. होड्या बांधणारा सुतार, बारा वर्षं दारूच्या थेंबाला न शिवलेला, रविवारी ख्रिस्ती देवळात प्रवचन करणारा. त्याच्याहून भरवशाचा माणूस कुठून आणायचा? फक्त परवान्यासाठी पोलिसांचा दाखला हवा होता.

तो आणायला साकेआसी ओवालाऊवरच्या लेवुका शहरातल्या ठाण्यात गेला. हवालदार सुखदेवने जुनं रजिस्टर चाळलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"साकेआसी, तुला अटक करायला हवी रे."

साकेआसी हसला. सुखदेव हसला नाही.

"एकोणऐंशी सालचं वॉरंट आहे. इनोकेचे दोन दात पाडलेस आणि तारखेला आलाच नाहीस."

"पण ते मिटलं होतं की!"

"तुमच्यात मिटलं असेल. इथे उघडंच आहे."

मिटलं होतं हे खरंच. बावीस वर्षांचा साकेआसी एका नाचात पिऊन तर्र झाला होता आणि ओवालाऊच्या डोंगरातल्या गावच्या इनोकेच्या तोंडावर त्याने ठोसा मारला होता. तिसऱ्या दिवशी काकामामा त्याला घेऊन वर गेले. इनोकेच्या बापापुढे त्यांनी तांबुआ धरला, म्हणजे दोरीत ओवलेला देवमाशाचा दात. बापाने तो हातात घेतला, माफी मान्य झाली, सगळे एकत्र बसून यांगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं मानाचं पेय, प्यायले. इनोके तोंडाला फडकं लावून कुरकुरला, "माझे दोन गेले आणि तुम्ही एकच आणलात!" त्यावर साकेआसीचे मामासुद्धा हसले. एवढं झाल्यावर कोर्टाची तारीख कोण लक्षात ठेवणार? ज्यांचं आपसात मिटत नाही त्यांनी कोर्टात जायचं, अशीच सगळ्यांची समजूत.

"मंगळवारी राजधानीतून, सुवाहून, मॅजिस्ट्रेट येतात," सुखदेव म्हणाला. "तोवर घरी जा, कोठडीत रंगकाम चाललंय. पळालास तर माझी नोकरी जाईल, हे ध्यानात ठेव. आणि समेट झाल्याचं इनोकेकडून लिहून आण. नाहीतर सहा महिने आत जाशील, आणि मग पोरांची होडी विसर."

घरी त्याला चैन पडेना. रंधा घेऊन बसला तर एकच फळी तासत राहिला.

"त्या फळीतून आता पलीकडचं दिसतंय," बायको उनाइसी म्हणाली. "जा ना इनोकेकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ? त्याच्या बापाने तांबुआ घेतलाय. आता पुन्हा विचारायचं म्हणजे, खरंच माफ केलंत ना, असं विचारणं. मेलेल्या माणसाच्या शब्दावर संशय."

"मग बसा तुरुंगात. पोरांना मी वल्हवत नेईन!"

रविवारी प्रवचनात तो मध्येच थांबला, पुढचं वाक्य आठवेना. पुढच्या बाकांवर तीच पोरं बसली होती. सोमवारी उजाडताच तो डोंगर चढला.

इनोके अळूचे कंद खणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी घेतलं ते खोटं होतं का?"

"नाही दादा."

"मग कागद कशाला?"

"कोर्टाला हवाय."

"कोर्टाने त्या दिवशी यांगोना प्यायला यायचं होतं." इनोकेने पाठ फिरवली आणि पुन्हा खणायला लागला. साकेआसी रिकाम्या हाताने खाली उतरला.

मंगळवारी नऊपासून तो कोर्टात बसून होता. अकराला त्याचं नाव पुकारलं.

"समेट झाल्याचा पुरावा?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही, साहेब. मारलं ते खरं. तारखेला आलो नाही तेही खरं."

मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. तेवढ्यात मागून आवाज आला, "पुरावा मी आहे."

इनोके उठून उभा होता. "दात माझे आणि माफी माझ्या बापाची. आज ती कागदावर लिहिली, तर पंधरा वर्षं ती नव्हतीच असं होईल. तोंडाने विचारा, तोंडाने सांगतो."

"आवाज खाली ठेवा. तुमची काही तक्रार आहे?"

"आहे. सकाळपासून बसलोय, कुणी चहा विचारला नाही."

सुखदेव छताकडे बघायला लागला. मॅजिस्ट्रेटनी ओठ आवळले. मारहाणीचा खटला त्यांनी बंद केला, वॉरंट रद्द केलं. पण गैरहजेरीबद्दल शिक्षा दिलीच: कोर्ट उठेपर्यंत कैद, तिथेच बाकावर.

साकेआसी साडेतीनपर्यंत बसून राहिला. ही शिक्षा दाखल्यात येईल, मग परवाना देतील का, पोरांचे आईबाप काय म्हणतील, हेच डोक्यात. शेजारी इनोकेही येऊन बसला. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. एकदाच बोलला, "पाय हलवू नकोस, बाक करकरतंय."

"दाखल्यात लिहावं लागेल," संध्याकाळी सुखदेव म्हणाला.

"लिहा."

रविवारी देवळात साकेआसीने तो दाखला अक्षर न अक्षर वाचून दाखवला. ज्यांना आपलं पोर पाठवायचं नाही त्यांनी आत्ताच सांगावं, म्हणाला. कुणीच बोललं नाही. पुढच्या महिन्यात परवाना आला.

त्याने अकरा वर्षं होडी चालवली, एकदाही पोर भिजवलं नाही. पुढे साखरेच्या आजाराने पाय गेला आणि २०११ मध्ये तो वारला. सुखदेव निवृत्त होऊन मुलाकडे ब्रिस्बेनला गेला, तिथली थंडी त्याला मानवली नाही असं ऐकलं. मॅजिस्ट्रेटांची बदली झाली. इनोके त्या नाताळाला पहिल्यांदा मोतुरिकीला आला आणि मग दरवर्षी येत राहिला. आता त्याला डोंगर उतरवत नाही. उनाइसी सुवाला मुलीकडे असते, अजून ठणठणीत आहे.