माझी दोनच चाकं ओढतात

मी एक गाडी बोलतेय. चाकं चार आहेत, पण ओढतात पुढची दोनच. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात, आमच्या केनॅब गावात, माझ्यासारखीला बाजारहाटाची गाडी म्हणतात. वाळवंटात मुक्कामाला जायचं तर चारही चाकं ओढणारी, उंच, दांडगी गाडी हवी, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

माझी मालकीण नेड्रा शाळेच्या भटारखान्यात काम करते. मला तिने जुनीच विकत घेतली. सुट्टी लागली की पाण्याचे कॅन, तंबू, फावडं आणि घेवड्याचे डबे माझ्या पाठीत कोंबायचे आणि डांबरी रस्ता सोडायचा, हा तिचा शिरस्ता. सरकारी मोकळी जमीन. ना पाटी, ना नळ, ना शेजार. आधी कुणी चूल मांडली असेल तिथेच उतरायचं आणि निघताना आपला कचरा परत न्यायचा, एवढंच इथे पाळतात.

नेड्राची एक खोड आहे. रस्ता बिघडलेला दिसला की ती मला उभी करते, उतरते आणि पुढचा रस्ता पायी चालून येते. मध्येच थांबून बुटाची टाच वाळूत दाबून बघते. टाच रुतली की आमचा मुक्काम अलीकडेच. मागून येणारे उंच गाड्यांवाले फिदीफिदी हसतात. एकाने विचारलं, काय हरवलंय का? ती म्हणाली, "अजून नाही. हरवू नये म्हणून बघतेय." मला तिचा फार अभिमान वाटतो. तिच्याकडे आल्यापासून माझं पोट दगडाला घासलं असेल तर एकदाच, आणि तेव्हा ती माझी माफी मागत होती.

तिचे वडील व्हर्ल. उभा जन्म गुरं राखण्यात गेला. तरुणपणी बायकोला घेऊन ते एका लाल कड्याखाली मुक्कामाला जायचे. बायको गेली, गुडघे गेले, आणि दूर सॉल्ट लेक शहरात राहणाऱ्या मुलाने, ड्वेनने, त्यांना हिवाळ्याआधी आपल्याकडे न्यायचं ठरवलं. व्हर्ल एकच मागत होते, कड्याखाली एक मुक्काम. ड्वेनने बहिणीला बजावलं होतं, त्या डबड्यातून जा, पण कुठे अडकलीस तर ओढायला मीच येईन, आणि मग बाबांचं वाळवंट कायमचं बंद.

कड्याच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे, आणि वळणाआधी कोरडा ओढा आडवा येतो. नेड्रा उतरली, चालली, टाच दाबली. बूट घोट्यापर्यंत आत गेला. ती मागे आली.

"वेग धर," व्हर्ल म्हणाले. "मध्येच कच खाल्ली तरच रुतते."

"तेव्हा तुमचा ट्रक होता, बाबा."

"मग दे इकडे. मी नेतो." ते खरंच धडपडत उतरले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली खिशात टाकली.

"अडकलो तर ड्वेन येईल. गाडीही काढेल आणि तुम्हालाही घेऊन जाईल. मग पुन्हा येणं नाही."

"म्हणजे इथवर येऊन परत?"

"परत कोण म्हणतंय? चालायचं."

"या पायांनी?"

"मग कुणाच्या?"

तिने घडीची खुर्ची उचलली. व्हर्ल थोडं चालायचे, ती खुर्ची मांडायची, ते बसायचे, तिला दोन शिव्या हासडायचे आणि पुन्हा उठायचे. असं करत दोघं वळणाआड गेली. मग ती धापा टाकत परत आली आणि तंबू, पाणी, पांघरुणं खांद्यावर घेऊन गेली. अर्ध्या ओझ्यानेच मी कुरकुरले असते.

सकाळी दोघं आली. व्हर्लच्या विजारीत वाळू, आणि चेहरा असा की लग्नघरातून आलेत. माझ्या टपावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी इथेच लाव हिला." जणू कल्पना त्यांचीच.

ड्वेन त्यांना घेऊन गेलाच. पण गाडी अडकली नव्हती, त्यामुळे बाबांचं वाळवंट बंद करायला त्याला कारण उरलं नाही. दर शरदात नेड्रा त्यांना आणते आणि दोघं चालत जातात. गेल्या वर्षी मात्र व्हर्लना उठवेना. नेड्राने मला ओढ्याच्या काठी उभी केली. त्यांनी काच खाली करायला लावली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"इथूनही दिसतो की गं कडा."

मी तिथे किती तास उभी राहिलेय. वळणाआडचा कडा तिथून मुळीच दिसत नाही. नेड्रालाही ते पक्कं ठाऊक आहे.

"दिसतो, बाबा," ती म्हणाली.

आता उन्हाने माझा रंग उडालाय, सकाळी खोकल्याशिवाय मी सुरू होत नाही. ड्वेन म्हणतो, भंगारात काढ. काढा, माझी ना नाही. फक्त हा एक शरद जाऊ द्या. व्हर्लनी फोनवर तारीख विचारली आहे. मला काठापर्यंत जाऊ द्या. थांबायचं कुठे, ते मला पाठ आहे.